हिरव्या डोळ्यांचा शार्क

शार्क म्हटलं की शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आठवतो 1975चा 'जॉज', पाणी कापत येणारा तो त्रिकोणी पर. तिथून उठून गोपी टँक मार्केटात गेलं, तर कोळणीच्या पाटीत दिसते हातभर लांबीची मुशी. तिलाच मोरी म्हणतात आणि मालवणी घरांत तिचं झणझणीत मटण होतं. या दोन ओळखींपलीकडे शार्कचं एक प्रचंड जग आहे. शार्कच्या पाचशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या 200 मीटरांहून खोल पाण्यात राहतात. त्यांतल्या सेंट्रोफोरस गटाला, म्हणजे गल्पर शार्कना, फारसं कोणी ओळखत नाही. गैरसमज मात्र पुष्कळ आहेत.

बाजारातली मुशी म्हणजे मोठ्या शार्कचं पिल्लू, असं अनेकांना वाटतं. मोठ्या जातींची पिल्लंही जाळ्यात सापडतात हे खरं, पण मुंबईत नेहमी दिसणारी मुशी बहुधा स्कोलिओडॉन असते. ज्यांनी पूर्वी प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी केलं, त्यांनी प्रयोगशाळेत हीच चिरलेली असते. ती पूर्ण वाढली तरी मीटरभरही होत नाही. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात राहते, पाच-सहा महिन्यांत विते आणि एका वेळी बहुतेकदा सहाहून जास्त पिल्लं देते. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

चौपाटीवरून सरळ आत गेलं की लवकरच खोल समुद्र लागतो, हीसुद्धा अशीच एक समजूत. मुंबईसमोरचं समुद्रबूड फार हळू उतरत जातं. बॉम्बे हायचे तेलफलाट किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर आहेत आणि तिथेही पाणी जेमतेम 75 मीटर खोल आहे. गल्पर शार्कचा मुलूख त्याच्या बराच पुढे, जिथे बूड एकदम खाली कलतं त्या उतारावर, साधारण 200 ते 1,000 मीटरांत आणि काही जातींचा त्याहूनही खाली. केरळसमोर हा उतार किनाऱ्याला बराच जवळ आहे. त्यामुळे कन्याकुमारी जिल्ह्यातल्या तूत्तूरचे मच्छीमार हे शार्क पकडून कोचीच्या बंदरात उतरवतात. दादर-माहीमच्या पाट्यांत ते सहसा दिसत नाहीत, ते त्यामुळेच.

तरी मुंबईचा या विषयाशी जुना संबंध आहे. हिंदुस्थानच्या सागरी सर्वेक्षणासाठी 'इन्व्हेस्टिगेटर' ही आगबोट 1881 मध्ये मुंबईच्याच गोदीत बांधली गेली. आल्फ्रेड अल्कॉक हा लष्करी डॉक्टर 1888 पासून काही वर्षं तिच्यावर निसर्गशास्त्रज्ञ होता. अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागराच्या खोल तळावरून आलेल्या माशांची त्याने केलेली सूची 1899 मध्ये छापली गेली. तीत खोल पाण्यातले शार्कही आहेत.

खोल पाण्यातला म्हणजे अक्राळविक्राळ, हा सगळ्यात पक्का गैरसमज. गल्पर शार्क बहुधा एक ते दीड मीटरचा, सडपातळ, राखाडी-तपकिरी. पाठीवर दोन पर आणि प्रत्येकापुढे एक काटा. पोटाखाली शेपटीकडे इतर अनेक शार्कना असतो तो पर याला नाही. डोळे मोठे आणि हिरवे. आत आरशासारखा थर असल्यामुळे पुसटसा उजेडही त्यांना पुरतो. खाणं छोटे मासे आणि माकुल. माणसाशी त्याची गाठ पडते ती गळाला लागून वर आल्यावरच. 'मेगालोडॉन अजून समुद्रतळाशी लपला आहे' हे तर सिनेमातलं विज्ञान. तो उबदार समुद्रांत वावरणारा मासा होता आणि सुमारे 36 लाख वर्षांपूर्वी नष्ट झाला. उलट समुद्राची सरासरी खोली 3,700 मीटरांच्या आसपास असताना, 3,000 मीटरांखाली शार्क क्वचितच सापडतात.

असं का, याचं एक उत्तर त्यांच्या यकृतात शोधलं जातं. बहुतेक हाडाळ माशांना तरंगायला हवेची पिशवी असते, शार्कला ती नसते. गल्पर शार्कचं यकृत शरीराच्या वजनाच्या पाव हिश्शापर्यंत जातं आणि ते तेलाने भरलेलं असतं. त्या तेलात स्क्वालीन नावाचं, पाण्याहून हलकं द्रव्य भरपूर असतं. पाण्याच्या दाबाने हवा चेपते, तेल फारसं चेपत नाही. म्हणून हा शार्क फार श्रम न करता खोल पाण्यात तोलून राहू शकतो. पण एवढं तेल साठवायला अन्न लागतं आणि अगदी तळाशी तेच दुर्मीळ.

या तेलाभोवती गैरसमजांचा थरच साचला आहे. जुन्या पिढीला शार्कच्या यकृताचं तेल आठवतं. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेहून येणारं कॉडचं तेल बंद झालं, तेव्हा मुंबई सरकारने शार्कचं तेल काढायला घेतलं. ते किनाऱ्याजवळच्या शार्कचं, जीवनसत्त्व अ भरपूर असलेलं तेल होतं. 1947 मध्ये हे जीवनसत्त्व कारखान्यात बनवणं साधलं आणि त्या धंद्याची गरज ओसरत गेली. गल्पर शार्कच्या तेलात हे जीवनसत्त्व कमी आणि स्क्वालीन जास्त. तेव्हा 'आजी द्यायची तेच हे' असं समजून महागडी कॅप्सूल घेणाऱ्याच्या हाती वेगळीच वस्तू पडते.

शार्कला कॅन्सर होत नाही, हेही खोटं. शार्कमधल्या गाठींच्या रीतसर नोंदी आहेत आणि शार्कच्या कूर्चेपासून केलेल्या औषधाचा फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत काहीच फायदा दिसला नाही. आजारी माणसाच्या आशेवर असं काही विकलं जातं याची मला चीड येते. कोविडच्या लसींत शार्कचं तेल असल्याचे संदेशही आपल्याकडे फिरले. कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन या दोन्हींत स्क्वालीन नाही. फ्लूच्या काही लसींत मात्र ते खरोखर वापरतात.

आता ते मुशीचे आकडे. समुद्र अथांग आहे, मासे पुन्हा भरून येतील, या विश्वासाला गल्पर शार्क अजिबात जुमानत नाही. मादी वयात यायला कित्येक वर्षं लागतात. गर्भ सुमारे दोन वर्षं पोटात वाढतो आणि अनेक जातींत एका वेळी पिल्लं एक किंवा दोन. मालदीवमध्ये 1980च्या सुमारास तेलासाठी यांची मासेमारी सुरू झाली आणि काही वर्षांतच कोसळली. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्ससमोर 'कपाला' या संशोधन जहाजाने 1976-77 मध्ये जाळी ओढली होती. त्याच जहाजाने 1996-97 मध्ये त्याच भागात पुन्हा ओढली, तेव्हा हे शार्क 90 टक्क्यांहून अधिक घटलेले दिसले. तिथे तर त्या उतारावरचे इतर मासे धरताना जाळ्यात आल्यानेही ते संपत गेले. एवढ्या संथ गतीने वाढणाऱ्या प्राण्यासाठी 'थोडी मासेमारी चालेल' हे वाक्य मला पटत नाही.

स्क्वालीनवर हायड्रोजनची प्रक्रिया केली की स्क्वालेन होतं आणि ते चेहऱ्याच्या क्रीममध्ये, लिपस्टिकमध्ये जातं. हे द्रव्य ऑलिव्हच्या तेलातून मिळतं, उसाच्या साखरेपासूनही बनतं. रेणू अगदी तोच, त्वचेला फरक कळत नाही. प्रयोगशाळेत मात्र कार्बनच्या समस्थानिकांचं प्रमाण मोजून ते शार्कचं की वनस्पतीचं हे ओळखता येतं. दुकानात आपल्या हाती असते ती बाटलीवरची चिठ्ठी: 'वनस्पतीजन्य' असं लिहिलेलं नसेल, तर कंपनीला पत्राने किंवा ईमेलने विचारावं आणि उत्तर येईपर्यंत ती बाटली घेऊ नये.