मोटारसायकलीची रबरी नळी

पेट्रोलांत मद्यार्क मिसळण्याची कल्पना नवी नाहीं. त्यासंबंधीचा कायदा आपल्या देशांत १९४८ सालींच झाला होता. तो २००० सालीं रद्द झाला. पुढें २००१ सालीं पुन्हां प्रयोग सुरू झाले, ते आपल्या प्रांतांत मिरज व मनमाड येथें. मिश्रणाचें प्रमाण २०२२ सालीं शेंकडा दहा व २०२५ सालीं शेंकडा वीस झालें. म्हणजे ठाण्यास किंवा डोंबिवलीस पांच लिटर पेट्रोल भरलें, तर त्यांत सुमारें एक लिटर मद्यार्क, म्हणजेच इथेनॉल, येतो.

इंजिनास तो जाळतां येतो. गाऱ्हाणें आहे तें टांकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत इंधन नेणाऱ्या वीतभर नळीचें. रबर घट्ट दिसलें तरी त्याच्या लांब रेणूंच्या जाळ्यांत द्रवाचे लहान रेणू शिरतात, आणि नळी फुगून मऊ पडते. ह्या नळ्यांस बहुधा नायट्राइल रबर वापरतात. नवल असें कीं, निव्वळ पेट्रोलांत किंवा निव्वळ मद्यार्कांत तें जितकें फुगतें, त्याहून दोहोंच्या मिश्रणांत अधिक फुगतें! शिवाय रबरास लवचीक राखणारीं द्रव्यें इंधनांत विरघळून जातात. मग सुटींत गाडी महिनाभर उभी राहून नळी वाळली, कीं ती आखडते, कडक होते व तिला टोंकाशीं भेगा पडतात.

आपल्याकडील पावसाळा ह्यांत भर घालतो. झांकणावाटे टांकींत पाणी गेलें, तर मद्यार्क पेट्रोलास सोडून पाण्याशीं मिळतो. तें मिश्रण तळाशीं बसतें, आणि नळीचें तोंड तर तळाशींच असतें.

एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांत ह्या मिश्रणास टिकणारे भाग घालतात. जुन्या कांहीं गाड्यांचे रबरी भाग वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील, असें पेट्रोलियम मंत्रालयानेंही २०२५ सालीं सांगितलें. खर्च किरकोळ आहे, असेंही म्हटलें. तें खरेंच आहे. पण नळी बदलावयाची आहे हें घरांत कोणास ठाऊक असावें लागतें. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकलें तर आग लागण्यास वेळ लागत नाहीं.

म्हणून वडिलांची गाडी जुनी असल्यास पावसाळ्यापूर्वीं इंजिन थंड असतांना नळी चिमटींत धरून पाहावी. ती चिकट, फुगलेली किंवा काष्ठवत् लागली, अथवा पेट्रोलाचा वास येत असला, तर गाडी चालूं न करतां कारागिरास बोलवावें. शेंकडा वीस मिश्रणास चालणारीच नळी मागावी, आणि तिजबरोबर क्लिपाही नव्या घ्याव्या. फुगलेल्या नळीवर ताणलेली जुनी क्लिप नव्या नळीस घट्ट आवळीत नाहीं.