फोकस तपासायचं साधन कसं निवडावं?

मागच्या व्याख्यानात आपण अ‍ॅपर्चर आणि डेप्थ ऑफ फील्ड यांचं नातं बघितलं. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला : "अ‍ॅपर्चर पूर्ण उघडलं की आमचा फोकस हमखास चुकतो. कॅलिब्रेशनचं साधन घ्यावं म्हणतो, कोणतं घेऊ?" आज आपण याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

सुरुवात आमच्याच एका फजितीपासून करतो. आमच्याकडे ८५ मिलिमीटरची, एफ/१.८ ची लेन्स होती. ती थोडी पुढे फोकस करते असा आम्हाला संशय आला. मग पुठ्ठ्याचं एक घडीचं कार्ड मागवलं, त्यावरच्या तिरक्या पट्टीचे फोटो काढले आणि कॅमेऱ्यात अधिक १२ चा आकडा भरून मोकळे झालो. दोन दिवसांनी घरातलं लग्न होतं. अंतरपाट दूर झाला, आम्ही नवरीच्या डोळ्यावर फोकस धरून भराभर फोटो काढले. रात्री संगणकावर बघतो तर नाकातली नथ धूसर, डोळे धूसर आणि कानामागचा गजरा मात्र पाकळी न् पाकळी स्पष्ट! अंतरपाट काही पुन्हा धरता येत नाही. नंतर नीट तपासलं तेव्हा कळलं, की लेन्स मुळात बरोबरच होती. चुकलं होतं ते आमचं माप.

आजचा मुद्दा एवढाच आहे. तराजू खोटा असेल तर चांगला मालही कमी भरतो. म्हणून साधन निवडताना किंमत आणि नाव नंतर बघू, आधी ते खरं माप देतं का ते बघू.

चूक येते कुठून?

डीएसएलआर कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडरमधून बघून फोकस करतो तेव्हा फोटो घेणारा सेन्सर झाकलेलाच असतो. लेन्समधून आलेला प्रकाश मुख्य आरशावर पडतो. या आरशाचा मधला भाग थोडा प्रकाश पलीकडे जाऊ देतो. तो मागच्या छोट्या आरशावर आपटून कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या फोकस सेन्सरकडे वळतो. तिथे लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रतिमांमधलं अंतर मोजलं जातं आणि लेन्सला कोणत्या दिशेने, किती फिरायचं ते ठरतं. यालाच फेज डिटेक्शन म्हणतात.

म्हणजे फोकस एका सेन्सरवर मोजला जातो आणि फोटो दुसऱ्या सेन्सरवर उमटतो. या दोन वाटांची लांबी तंतोतंत सारखी हवी. कारखान्यात थोडा फरक चालवून घेतला जातो, कॅमेऱ्यातही आणि लेन्समध्येही. कधी हे दोन फरक एकमेकांना खोडतात, कधी त्यांची बेरीज होते. अशा वेळी कॅमेरा खराब नसतो, लेन्सही खराब नसते, दोघांची पत्रिका जुळत नाही एवढंच. लहान अ‍ॅपर्चरवर ते लपून जातं. पण ८५ मिलिमीटरच्या लेन्सने फुल फ्रेमवर, एफ/१.८ ला, दोन मीटरवरून फोटो काढला तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम सहा सेंटीमीटरचा असतो. डोळ्यापासून कान त्याहून लांब आहे.

ही जोडी जुळवण्यासाठी २००७ च्या सुमारास कॅननच्या १डी मार्क थ्री आणि निकॉनच्या डी३, डी३०० या कॅमेऱ्यांत मेन्यूतूनच दुरुस्ती करायची सोय आली. कॅनन तिला एएफ मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट म्हणतं, निकॉन एएफ फाइन ट्यून. उणे २० ते अधिक २० असे आकडे असतात. अधिक केलं की फोकस मागे सरकतो, उणे केलं की कॅमेऱ्याकडे येतो.

खरेदीआधी तीन प्रश्न

पहिला प्रश्न : तुमचा कॅमेरा मिररलेस आहे का? असेल तर तो फोटोच्या सेन्सरवरच फोकस मोजतो. दोन वाटांचा प्रश्नच येत नाही. साधनाचे पैसे वाचवा.

दुसरा : मेन्यूत ही सोय आहे का? निकॉनच्या डी३००० आणि डी५००० या मालिकांत ती नाही. कॅननच्या ७०डी, ८०डी मध्ये आहे, पण ६०डी मध्ये नाही. जुना कॅमेरा विकत घेणाऱ्यांनी हे आवर्जून बघावं. सोय नसेल तर तुम्ही चूक मोजू शकाल, पण सुधारू शकणार नाही. मग कॅमेरा आणि लेन्स दोन्ही एकत्र सर्व्हिस सेंटरला द्यावे लागतात.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा : चूक नक्की हीच आहे का? हे बिनपैशात तपासता येतं. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा. समोर भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा. आधी लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस करून फोटो घ्या, मग व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून घ्या. लाइव्ह व्ह्यूचा फोटो स्पष्ट आणि दुसरा पुन्हा पुन्हा धूसर आला, तर कॅलिब्रेशनची गरज आहे. दोन्ही धूसर आले तर दोष दुसरीकडे आहे. लेन्सवर बुरशी असेल, हात हलत असेल, शटरचा वेग कमी असेल. आमच्याकडे तक्रार घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणांचा प्रश्न इथेच सुटतो.

चांगल्या साधनाची लक्षणं

आता साधनाकडे येऊ. त्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या हव्यात : फोकस धरायला एक सपाट, ठळक काळंपांढरं लक्ष्य आणि त्याच्या शेजारी मोजायला तिरकी पट्टी. आम्ही फसलो ते इथेच. आमच्या कार्डावर तिरक्या पट्टीवरच फोकस धरायचा होता. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणाऱ्या छोट्या चौकोनापेक्षा फोकस सेन्सरचं खरं क्षेत्र मोठं असतं. त्यामुळे कॅमेऱ्याने मधल्या शून्याऐवजी अलीकडचा ठळक आकडा पकडला आणि आम्ही लेन्सला दोष दिला.

दुसरं लक्षण : लक्ष्य कॅमेऱ्याच्या सेन्सरला समांतर आहे याची खात्री करता आली पाहिजे. आणि तिसरं : ते ताठ हवं. पुठ्ठा पावसाळ्यात दमट हवेने वाकतो, पट्टीचा शून्य लक्ष्याच्या रेषेत राहत नाही.

या कसोट्यांवर बाजारातले प्रकार लावून बघू. डेटाकलरच्या स्पायडर लेन्सकॅलमध्ये सपाट लक्ष्य आणि पट्टी वेगळी आहे, पाणसळ आहे, ते ट्रायपॉडवरही बसतं. लेन्सअलाइनमध्ये लक्ष्यातल्या छिद्रांतून मागची खूण बघून समांतरता तपासता येते आणि टेलीफोटोसाठी लांब पट्टीही मिळते. रायकनचं फोकल हे सॉफ्टवेअर आहे. लक्ष्य छापून भिंतीवर लावायचं, कॅमेरा केबलने संगणकाला जोडायचा, स्पष्टता सॉफ्टवेअर मोजतं. डोळ्याचा अंदाज त्यात येत नाही. ज्यांच्याकडे चारपाच लेन्स आहेत आणि ज्यांचं पोट यावर आहे, त्यांना ते परवडतं.

एकदोनच लेन्स असतील तर घरीच करा. एक ताठ खोका घ्या, त्यावर ठळक आकृती चिकटवा. मुलांच्या कंपासपेटीतला ४५ अंशांचा गुण्या घेऊन ३० सेंटीमीटरची पट्टी खोक्याशेजारी तिरकी उभी करा. पट्टीचा १५ चा आकडा खोक्याच्या पुढच्या बाजूच्या बरोबर रेषेत आणा. समांतरतेसाठी खोक्यावर एक छोटा सपाट आरसा टेकवा आणि व्ह्यूफाइंडरमधून बघा. स्वतःच्याच लेन्सचं प्रतिबिंब मधोमध दिसलं की जमलं. पट्टी ४५ अंशांत आहे म्हणून तिच्यावरचे १० मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षात सातच, हे लक्षात ठेवा.

एक युक्ती तर पट्टीशिवायची आहे, तिला डॉटट्यून म्हणतात. सपाट लक्ष्यावर लाइव्ह व्ह्यूमध्ये अचूक फोकस करा आणि लेन्स मॅन्युअलवर टाका. आता व्ह्यूफाइंडरमधून बघत शटरचं बटण अर्धं दाबा आणि मेन्यूतला आकडा बदलत जा. फोकसचा हिरवा ठिपका कोणत्या आकड्यापासून कोणत्या आकड्यापर्यंत स्थिर राहतो ते टिपा. समजा उणे ४ ते अधिक १०, तर मधला आकडा अधिक ३. तोच तुमचा. निकॉनच्या डी५ आणि डी५०० मध्ये २०१६ पासून लाइव्ह व्ह्यूशी तुलना करून कॅमेरा स्वतःच हा आकडा काढतो.

सिग्माचा यूएसबी डॉक आणि टॅमरॉनचा टॅप-इन कन्सोल यांचा मार्ग वेगळा. ते त्या त्या कंपनीच्या ठरावीक लेन्सच्या आतच दुरुस्ती भरतात. म्हणून मेन्यूत सोय नसलेल्या कॅमेऱ्यावरही उपयोग होतो. सिग्माच्या डॉकने तर चार वेगवेगळ्या अंतरांसाठी वेगळे आकडे देता येतात. पण लक्षात घ्या, ही दुरुस्तीची साधनं आहेत. मोजायला लक्ष्य लागतंच.

मोजताना

अंतर फोकल लेंग्थच्या साधारण ५० पट ठेवा. ५० मिलिमीटरसाठी अडीच मीटर, ८५ साठी सव्वाचार. नेहमी ज्या अंतरावरून फोटो काढता तेही एकदा तपासा. परीक्षा दिवसाच्या उजेडात घ्या, पिवळ्या दिव्याखाली फेज डिटेक्शनचं माप बदलू शकतं. मधला फोकस पॉइंट, दोन सेकंदांचा टायमर, स्टॅबिलायझेशन बंद. आणि एका फोटोवर निकाल देऊ नका. प्रत्येक वेळी फोकस मुद्दाम बिघडवून किमान दहा फोटो घ्या, कारण चांगला ऑटोफोकसही दर वेळी त्याच ठिकाणी थांबत नाही. दहापैकी काही पुढे, काही मागे असतील तर तो विखुरलेपणा आहे, तो आकड्याने जात नाही. सगळे एकाच बाजूला असतील तरच आकडा बदला.

आणखी एक गैरसमज. स्पष्ट पट्टा एक तृतीयांश पुढे आणि दोन तृतीयांश मागे असतो असं सांगतात. इतक्या जवळच्या अंतरावर तो जवळजवळ निम्मानिम्मा असतो. जुन्या समजुतीने बघाल तर बरोबर लेन्सही पुढे फोकस करतेय असं वाटेल.

शेवटी सभागृहातून एक प्रश्न आला : "झूम लेन्सला कोणता आकडा द्यायचा?" कॅननच्या बऱ्याच नव्या डीएसएलआरमध्ये दोन टोकांना वेगळे आकडे देता येतात. निकॉनच्या बहुतेक कॅमेऱ्यांत एकच. तिथे ज्या टोकाला तुम्ही जास्त काम करता त्याचा द्या.

आमच्या त्या लेन्सचा आकडा आज शून्य आहे. खोका, पट्टी आणि गुण्या कपाटात ठेवलेत. मोठं काम असलं की आदल्या दिवशी, उजेड असताना, एकदा काढून बघतो.