गळू फुटलं, पण दुखणं गेलं का?

गुदद्वाराशेजारी गळू येतं, फुटतं, बरं वाटतं. महिन्याभरानं तिथूनच पू झिरपू लागतो. अकोला-अमरावतीकडं बरेच जण याला मूळव्याध समजतात आणि ‘बिना ऑपरेशन, खात्रीशीर’ पाटीच्या दवाखान्यात पैसे घालवतात. हा आहे भगंदर.

गुदमार्गाच्या आतल्या बारीक ग्रंथींत जंतुसंसर्ग होतो, पू वाट काढत कातडीपर्यंत पोचतो आणि बोगदा तयार होतो. आतलं तोंड उघडंच राहतं, म्हणून नुसत्या गोळ्यांनी तो बुजत नाही. बोगदा शौच रोखणाऱ्या स्नायूतून किती जातो, हे एमआरआयमध्ये दिसतं. वरवरचा असेल तर उघडून साफ करतात. खोल असेल तर घाई नको. स्नायू जास्त कापला गेला तर शौचावरचा ताबाच जाऊ शकतो.

अशा वेळी क्षारसूत्र उपयोगी पडतं. दोऱ्यावर निवडुंगाचा चीक, धुऱ्यावरच्या आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे एकवीस थर चढवतात. तो बोगद्यात ओवून दर आठवड्याला बदलतात; मार्ग हळूहळू कापला जातो, मागून भरत येतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 1991 च्या चाचणीत शस्त्रक्रियेपेक्षा याला वेळ दुप्पट, सुमारे आठ आठवडे लागला. पण वर्षभरात आजार उलटण्याचं प्रमाण 11 ऐवजी 4 टक्के होतं. मात्र हे काम प्रशिक्षित शल्यतज्ज्ञाचंच.

पुन्हा पुन्हा होणाऱ्या भगंदरात क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी. आणि बाईमाणसांनी लाजेपायी वर्षानुवर्षं कापडाच्या घड्या बदलत बसू नये, अमरावतीच्या इर्विन किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवावं.