क्षेपणास्त्र-नौकांचा कराचीवरील हल्ला
(४ व ८ डिसेंबर १९७१). भारत-पाकिस्तान युद्धात मुंबईस्थित क्षेपणास्त्र-नौकांनी कराची बंदराच्या परिसरात केलेल्या दोन रात्र-मोहिमा. पहिलीस ‘ट्रायडेंट’ व दुसरीस ‘पायथन’ अशी सांकेतिक नावे होती. लहान व वेगवान नौकांनी आपल्याहून कितीतरी मोठ्या युद्धनौका बुडविल्याची आशियाई सागरांतील ही महत्त्वाची उदाहरणे होत.

पूर्वपीठिका : लहान नौकेस मोठ्या युद्धनौकेशी झुंज देता यावी, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाणतीराच्या शोधाबरोबर उदयास आली. तोफांच्या बाबतीत दुबळी असलेली पाणतीर-नौका अंधाराचा फायदा घेऊन शत्रूच्या निकट जाई, पाणतीर सोडी व वेगाने माघार घेई. दुसऱ्या महायुद्धात या तंत्राचा जर्मनांनी इंग्लिश खाडीत परिणामकारक उपयोग केला. २३ ऑक्टोबर १९४३ च्या पहाटे ब्रिटनीच्या किनाऱ्यालगत झालेल्या चकमकीत टी-२३ व टी-२७ या जर्मन पाणतीर-नौकांनी कॅरिब्डिस ही ब्रिटिश क्रूझर बुडविली. टी-२२ च्या पाणतीराने निकामी झालेली लिंबर्न ही विनाशिका ब्रिटिशांना स्वतःच बुडवावी लागली. मात्र पाणतीराचा पल्ला मर्यादित असल्याने नौकेस शत्रूच्या तोफांच्या टप्प्यात शिरणे अपरिहार्य असे. जहाजविरोधी क्षेपणास्त्रांमुळे ही अडचण दूर झाली. सोव्हिएट रशियाने प्रथम पाणतीर-नौकेच्याच सांगाड्यावर क्षेपणास्त्रे बसवून ‘कोमार’ वर्गाच्या नौका बांधल्या. २१ ऑक्टोबर १९६७ रोजी ईजिप्तच्या अशा नौकांनी पोर्ट सैदजवळ एलात ही इझ्राएली विनाशिका बुडविली, तेव्हा जगातील सर्वच नौदलांचे लक्ष या शस्त्राकडे वेधले गेले.

नौका व शस्त्र : भारताने रशियाकडून ‘ओसा’ वर्गाच्या आठ नौका घेतल्या. विनाश, विद्युत, विजेता, वीर, निर्घात, निर्भीक, नाशक व निपात ही त्यांची नावे होत. प्रत्येक नौका सु. २०० टन वजनाची व सु. ३८ मी. लांबीची असून तिचा वेग ताशी ३५ सागरी मैलांहून अधिक होता. तिच्यावर ‘स्टिक्स’ या नावाने ओळखली जाणारी चार क्षेपणास्त्रे व ३० मिमी. व्यासाच्या दोन जोडतोफा असत. क्षेपणास्त्राचा पल्ला सु. ४० किमी. असून उड्डाणाच्या अखेरच्या टप्प्यात त्यातील रडार लक्ष्याचा स्वतः शोध घेई. या नौका मुळात किनारा व बंदरे यांच्या संरक्षणासाठी होत्या. दूरच्या चढाईस पुरेल इतके इंधन त्यांत मावत नसे. त्या बोटींतून उतरविण्यास योग्य अशा अवजड याऱ्या मुंबईस नसल्याने त्या कलकत्त्यास उतरवून ओढत मुंबईस आणाव्या लागल्या. या अनुभवातून त्या ओढून दूरवर नेता येतात, हे स्पष्ट झाले. पुढे चढाईच्या योजनेस याच गोष्टीचा आधार मिळाला.

पहिला हल्ला : ३ डिसेंबर १९७१ रोजी युद्धास तोंड फुटले. दुसऱ्या दिवशी निपात, निर्घात व वीर या तीन नौका किल्तान व कच्छाल या पाणबुडीविरोधी नौकांसह कराचीच्या दिशेने निघाल्या. पथकाचे नेतृत्व कमांडर बब्रुभान यादव यांच्याकडे होते. दिवसा पाकिस्तानी विमानांच्या टप्प्याबाहेर राहावयाचे व अंधार पडल्यावर वेगाने पुढे सरकावयाचे, अशी योजना होती. रात्री निर्घातच्या दोन क्षेपणास्त्रांनी खैबर ही विनाशिका बुडाली व तिच्यावरील २२२ जण मृत्युमुखी पडले. निपातने व्हीनस चॅलेंजर हे मालवाहू जहाज बुडविले आणि शाहजहान या विनाशिकेची मोठी हानी केली. वीरने मुहाफिज ही सुरुंगशोधक नौका बुडविली. भारतीय बाजूस कोणतीही हानी झाली नाही.

क्षेपणास्त्राचा प्रकाश म्हणजे शत्रूचे विमानच, असा समज खैबरवर झाला आणि तिने विमानहल्ल्याचाच संदेश धाडला. त्यात स्थानाची नोंदही चुकल्याने बुडणाऱ्यांना मदत वेळेवर पोहोचू शकली नाही. या गोंधळाचे पडसाद पुढेही उमटले : ६ डिसेंबर रोजी पाकिस्तानी विमानांनी झुल्फिकार या आपल्याच फ्रिगेटवर, ती भारतीय क्षेपणास्त्र-नौका आहे असे समजून, हल्ला केला.

दुसरा हल्ला : ८ डिसेंबरच्या रात्री विनाश ही एकच नौका तलवार व त्रिशूल या फ्रिगेटांसह कराचीनजीक गेली व तिने आपली चारही क्षेपणास्त्रे सोडली. केमारी येथील तेलसाठ्यास आग लागली (या साठ्यावर भारतीय वायुसेनेनेही हल्ले केले होते) व ढाका या तेलवाहू जहाजाची हानी झाली. त्याचबरोबर पनामाचे गल्फ स्टार बुडाले आणि ब्रिटनचे हार्मटन हेही सापडले. रडारच्या पडद्यावर शत्रूचे जहाज व तटस्थ जहाज सारखेच दिसते, ही या शस्त्राची गंभीर मर्यादा होय.

मूल्यमापन : या हल्ल्यांमुळे पाकिस्तानी नौदलाची पृष्ठभागावरील जहाजे बहुतांशी बंदराच्या आश्रयास गेली. तथापि पाण्याखालील धोका कायम होता. ९ डिसेंबर रोजी दीवच्या समुद्रात हंगोर या पाकिस्तानी पाणबुडीने पाणतीर मारून खुकरी ही भारतीय फ्रिगेट बुडविली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी व १७६ नौसैनिक तीत कामी आले. क्षेपणास्त्राने पाणतीर-नौकेची जागा घेतली, तरी पाणतीराचे सामर्थ्य लोपलेले नव्हते, हेच यावरून दिसून येते.

यादव यांस महावीरचक्र, तर निपात, निर्घात, वीर व विनाश यांच्या कप्तानांस वीरचक्र देण्यात आले. मुल्ला यांस मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. ४ डिसेंबर हा दिवस भारतात नौदल दिन म्हणून पाळला जातो; २०२३ साली तो सिंधुदुर्ग जिल्ह्यात साजरा झाला. या नौकांची परंपरा चालविणाऱ्या मुंबईतील बाविसाव्या क्षेपणास्त्र-नौका पथकास ८ डिसेंबर २०२१ रोजी राष्ट्रपतींचे निशाण प्रदान करण्यात आले.