बांडगूळ आणि सीतेची वेणी

झाडावर झाड वाढलेलें दिसलें कीं त्यास 'बांडगूळ' म्हणून मोकळें होण्याची आपल्याकडे रीत आहे. हा न्याय नव्हे. खरें बांडगूळ आंब्याच्या फांदींत शोषक मुळें रुतवून तिचा रस पितें. तें छाटलेंच पाहिजे. परंतु आंबा घाटाकडील वृक्षांवर वाढणारी सीतेची वेणी ही आमरीच्या कुळांतील वनस्पति फांदीचा केवळ आसरा घेते. तिच्या लोंबत्या मुळांवर पांढुरकें, स्पंजासारखें आवरण असतें; तें पावसाचें पाणी टिपून घेतें. पावसाळ्याच्या तोंडाशीं तिचे जांभळट ठिपक्यांचे तुरे लोंबूं लागतात.

अमेरिका खंडांतून आलेली टिलँडसिया, जिला बाजारांत 'एअर प्लांट' म्हणतात, ती तर पानांवरील सूक्ष्म खवल्यांनींच पाणी पिते. ती मातींत लावूं नये. चैत्र-वैशाखांत आठवड्यांतून दोनदां अर्धा तास पाण्यांत बुडवून ठेवावी. मग उलटी धरून गाभ्यांतील पाणी निथळूं द्यावें. हें सकाळीं करावें, कारण तिचीं श्वासरंध्रें रात्रीं उघडतात व ओल्या पानांनीं ती गुदमरते. कोल्हापुरच्या आषाढांतील झड तिला सोसत नाहीं. तेव्हां ती पडवींत टांगावी.

सीतेची वेणी बागेंत हवी असल्यास रोपवाटिकेंत वाढविलेलेंच रोप घ्यावें. घाटांतून ओरबाडून आणलेल्या रोपाचीं मुळें तुटलेलीं असतात व तें बहुधा जगत नाहीं. शिवाय तिचें बीज धुळीसारखें बारीक असून त्यांत अन्नसांठा नसतो. रानांत विशिष्ट बुरशीची सोबत लाभल्यावांचून तें रुजत नाहीं. उपटलेल्या वेणीच्या जागीं दुसरी फुलण्यास कित्येक वर्षें लागतात.