सॅडलची रांग तिरकीच हवी

इलेक्ट्रिक गिटारचा ब्रिज जवळून पाहा. सहा तारा ज्या छोट्या धातूच्या सॅडलवर टेकतात, त्या एका रेषेत नसतात. पहिल्या बारीक तारेचे सॅडल सर्वांत पुढे, दुसरे जरा मागे, तिसरे आणखी मागे. चौथ्याशी ही रांग तुटते. ते पुन्हा पुढे सरकलेले असते आणि तिथून जाड तारांची दुसरी तिरकी रांग सुरू होते. नवशिक्याला हे कुणी तरी स्क्रू उगाच फिरवल्यासारखे वाटते. ती सगळी सरळ ओळीत आणली, तर गिटार बेसूर होते.

तार निम्मी केली की कंपने दुप्पट होतात, हे आपण शाळेत शिकलो. फेंडरच्या गिटारवर हिशेबाची लांबी ६४८ मिलिमीटर, म्हणून बारावा फ्रेट ३२४ वर. पण तार फ्रेटवर दाबताना किंचित ताणली जाते. ताण वाढला की सूर चढतो. शिवाय खरी तार शाळेतल्या तारेइतकी लवचीक नसते. तिचा कडकपणाही सूर वर ढकलतो. यावर उतारा एकच: सॅडल मागे नेऊन तार हिशेबापेक्षा थोडी लांब ठेवायची.

किती लांब, हे तारेच्या गाभ्यावर ठरते. तिसरी तार बहुधा ०.०१७ इंचाची, एकसंध पोलादाची. चौथी दिसायला तिच्याहून जाड, पण ती जाडी वरून गुंडाळलेल्या तारेची. आतला गाभा बारीक. म्हणून तिसरीचे सॅडल चौथीच्या मागे जाते.

फेंडर गिटारचे निर्माते लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यांच्या टेलिकास्टरवर तीनच सॅडल होती, दोन तारांत एक. ही तडजोड कानाला जाणवणारी होती. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरवर प्रत्येक तारेला स्वतंत्र सॅडल मिळाले. माझ्या मते त्या गिटारच्या देखण्या आकारापेक्षा हे सहा स्क्रू मोठे काम आहे.

जुळणी करताना क्रम चुकवू नये. आधी नव्या तारा, मग ट्रस रॉडने (मानेतल्या सळईने) मानेचा बाक, मग तारांची उंची आणि शेवटी लांबी. उंची बदलली की दाबताना पडणारा ताण बदलतो, म्हणून लांबी आधी लावण्यात अर्थ नाही. मोकळी तार ट्यूनरवर सुरात लावा. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर बोट नुसते टेकवून छेडा आणि तो सूर पाहा. मग तीच तार तिथेच दाबून वाजवा, रोज दाबता तितक्याच जोराने. दाबलेला सूर चढा आला तर सॅडल मागे, उतरता आला तर पुढे. तार सैल करून स्क्रू फिरवा, पुन्हा सुरात लावा, पुन्हा तपासा. एक मिलिमीटर सरकवल्याने बाराव्या फ्रेटवर साधारण २.७ सेंटचा फरक पडतो. अर्ध्या सुराचे सेंट १००, त्यामुळे हा फरक बारीकच.

एवढे करूनही तानपुऱ्यावर तयार झालेल्या कानाला गिटारचा गंधार खुपेल. खर्जाच्या तारेतून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा तो सुमारे १४ सेंट चढा असतो. सप्तकाचे बारा सारखे भाग करून फ्रेट बसवले की असे होणारच. तो दोष ब्रिजचा नाही. त्यासाठी सॅडलचे स्क्रू फिरवू नका.