समुद्रावरची हाक

मुलांनो, विहिरीत कोणी पडले तर आपण 'धावा, धावा' अशी हाक मारतो. आजूबाजूचे लोक लगेच धावून येतात. पण भर समुद्रात होडीत पाणी शिरले, तर हाक कोणाला मारायची?

यासाठी होडीवर व्हीएचएफ नावाचा बिनतारी रेडिओ असतो. मोबाइलवर आपले बोलणे एकालाच ऐकू जाते. शिवाय किनाऱ्यापासून दूर गेले की मोबाइल बंद पडतो. रेडिओचे तसे नाही. त्या चॅनलवर कान लावून बसलेल्या जवळपासच्या सर्वांना तुमची हाक ऐकू येते. त्याच्या लहरी बहुतेक सरळ जातात, क्षितिजापलीकडे फारशा पोचत नाहीत. म्हणून त्याची अँटेना डोलकाठीवर उंच बांधतात.

संकटाच्या हाकेसाठी जगभर १६ क्रमांकाचा चॅनल राखून ठेवला आहे. ऑस्ट्रेलियात स्कोफिल्ड्स हे सिडनी शहराचे एक उपनगर आहे. ते समुद्रापासून बरेच आत आहे. तेथला कोणी सुट्टीत होडी घेऊन समुद्रावर गेला, तरी तो याच चॅनलवर हाक मारतो. आपल्या कोकणातला तांडेलही याच चॅनलवर हाक मारतो.

ही हाक कशी मारतात? प्रथम बटण दाबून 'मेडे' हा शब्द तीन वेळा म्हणतात. 'मला मदत करा' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून तो आला आहे. मग होडीचे नाव तीन वेळा सांगतात. पुन्हा एकदा 'मेडे' व नाव म्हणून, होडी कोठे आहे, काय झाले, कोणती मदत हवी आणि होडीत किती माणसे आहेत, हे सावकाश सांगतात. शेवटी 'ओव्हर' म्हणून बटण सोडतात. बटण सोडले नाही, तर उत्तर ऐकू येत नाही!

यात 'कोठे' ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पुढचे बोलणे तुटले, तरी ठिकाण कळले असेल तर मदत येऊ शकते.

हाक मारणारा हवा, तसा ऐकणाराही हवा. १९१२ साली टायटॅनिक जहाज हिमनगावर आदळले. तेव्हाचे बिनतारी यंत्र निराळे होते. जवळच कॅलिफोर्नियन नावाचे जहाज होते. पण त्याचा बिनतारी कर्मचारी यंत्र बंद करून झोपला होता. पुष्कळ दूर असलेल्या कार्पेथियाने हाक ऐकली. ते जहाज धावून गेले आणि सातशेहून अधिक लोक वाचले.

म्हणून आज किनाऱ्यावर रात्रंदिवस पहारा असतो. मुंबईत भारतीय तटरक्षक दलाचे बचाव केंद्र आहे. फोन लागत असेल, तर १५५४ या क्रमांकावरही मदत मागता येते.

'मेडे' ऐकताच इतरांनी आपले बोलणे थांबवावे. जवळ असलेल्याने मदतीला जावे. आणि गंमत म्हणून ही हाक कधीही मारू नये. खोट्या हाकेमागे बचावाची होडी धावली, तर खऱ्या हाकेला कोण जाणार?